एकट्याचा संसार

एकट्या माणसाला नावे देताना मराठी भाषेने हात आखडता घेतलेला नाही. लग्न न झालेला तो सडाफटिंग, कोणाशी फारसे न बोलणारा तो एकलकोंडा, मागेपुढे कोणी नसलेला तो विनापाश. आणि यांतले काहीच बसत नसेल तर ब्रह्मचारी आणि बैरागी आहेतच. बाईच्या वाट्याला आलेले शब्द याहून अधिक आहेत, पण ते सणासुदीच्या अंकात छापण्यासारखे नाहीत. एवढ्या नावांत एकही नाव असे नाही की, ज्यावरून त्या माणसाच्या घरातही दूध उतू जाते, तांदळात सोंडे होतात, नळाचा वायसर झिजतो आणि रविवारी कुठेतरी जावेसे वाटते, हे कळावे. 'संसार' हा शब्द आपण दोघांच्या खाली कोणाला देत नाही. एकट्याचे असते ते बिऱ्हाड.

कथा-कादंबऱ्यांतूनही हेच दिसते. त्यांतला एकटा माणूस बहुधा कोणाची तरी वाट पाहत असतो, नाहीतर कोणाला तरी विसरत असतो. त्याच्या हातात जुने पत्र असते, केरसुणी नसते. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, त्यामुळे याचे कारण मला ठाऊक आहे. वाट पाहणाऱ्या माणसाचे प्रकरण पुढे सरकते, भांडी विसळणाऱ्याचे सरकत नाही. परंतु लेखकाची ही सोय वाचकाच्या मनात हळूहळू समजूत होऊन बसते, आणि मग शेजारच्या खोलीत एकटे राहणारे माणूस दिसले की त्याची कीव तरी करावयाची किंवा त्याच्या पाया तरी पडावयाचे, एवढेच दोन मार्ग आपल्याला सुचतात.

म्हणून ज्या एका पुस्तकात एकट्या माणसाची केरसुणी मनसोक्त फिरते, त्याविषयी मला लिहावयाचे आहे. हेन्री डेव्हिड थोरो याचे 'वॉल्डन' हे ते पुस्तक. ते १८५४ साली बॉस्टनला प्रसिद्ध झाले. थोरो मराठी माणसाकडे दोन वाटांनी आला. पहिली वाट गांधीजींची. त्याचा कायदेभंगावरील निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना 'इंडियन ओपिनियन'च्या वाचकांपुढे ठेवला, आणि तेव्हापासून थोरो हा आपल्या लेखी सत्याग्रहाचा एक पूर्वज झाला. दुसरी वाट दुर्गाबाई भागवतांची. त्यांनी 'वॉल्डन'चे भाषांतर केले आणि त्याला नाव दिले 'वॉल्डनकाठी विचारविहार'. दुर्गाबाईंविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो 'ऋतुचक्र' वाचलेल्या कोणाही माणसाच्या मनात असेल तेवढाच आहे. तरीही या नावाशी माझे थोडे भांडण आहे. या पुस्तकात विचार आहेत, विहारही आहे. परंतु त्याचा जीव आहे तो घरकामात. नावातच विचार पुढे आल्यामुळे आपण थोरोला ऋषी करून टाकले, आणि ऋषी म्हटला की त्याचा गिलावा आणि त्याची चूल पाहण्याची गरज उरत नाही.

वस्तुतः हा ऋषी म्हणजे एक बेकार मास्तर. १८३७ साली कॉनकॉर्डच्या सरकारी शाळेत त्याला नोकरी लागली. मुलांना मारले पाहिजे असा आग्रह झाला, तेव्हा दोन आठवड्यांत त्याने ती सोडली. पुढे भावाबरोबर स्वतःची शाळा काढली, ती १८४१ पर्यंत चालली. १८४५ च्या मार्चअखेर त्याने कोणाची तरी कुऱ्हाड उसनी आणली आणि गावापासून दीड मैलावर, वॉल्डन तळ्याच्या काठी, पाइनची झाडे तोडावयास सुरुवात केली. जमीन मित्राची, एमर्सनची. कुऱ्हाड परत केली तेव्हा ती आणली त्याहून अधिक धारदार होती, हे तो मुद्दाम सांगतो. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्याने सव्वाचार डॉलरला विकत घेतली आणि तिच्या फळ्या उन्हात वाळत टाकल्या. त्या वाहून नेण्याच्या गडबडीत शेजारच्या एका गृहस्थाने चांगले सरळ खिळे निवडून खिशात घातले, तेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. घर झाले दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. ४ जुलै १८४५ रोजी तो राहावयास गेला तेव्हा भिंतींना गिलावा नव्हता आणि धुराडेही नव्हते. स्वयंपाक बाहेर, उघड्यावर. भाकरी होण्याआधी पाऊस आला तर विस्तवावर दोनचार फळ्या आडव्या टाकावयाच्या आणि त्यांच्याखाली बसून राहावयाचे.

धुराडे त्याने शरद ऋतूत स्वतः बांधले. गिलावा केला तो थंडी चांगली कडक पडल्यावर. ही पाने मला साऱ्या पुस्तकात अधिक आवडतात. जुन्या विटांवरचा वाळका चुना खरवडणे, तळ्यापलीकडून होडीतून पांढरी वाळू आणणे, आणि मग थापीच्या एकाच फटक्यात चुना भिंतीवर बसवण्याची हौस. ऐटीत कामगारांना शिकवावयास गेलेल्या एका बोलघेवड्या माणसाची गोष्ट तो सांगतो. त्याने बाह्या सरसावल्या, थापी भरली आणि सगळा चुना स्वतःच्याच छातीवर घेतला. यात विचारविहार कुठेच नाही, आणि तरीही एखादे काम आपल्या हातांना साधू लागले की माणूस किती उथळपणे, किती निरागसपणे खूश होतो, हे इतक्या खरेपणाने लिहिलेले मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे. मी गेल्या वैशाखात माझ्या स्वयंपाकघराची एक भिंत स्वतः लिंपली. पलीकडच्या गल्लीतले एक वयस्क गवंडी ओट्यावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "बाई, भिंत पोटभर भिजवा. तहानलेली भिंत चुन्यातलं पाणी पिऊन टाकते." विटा केवढ्या तहानलेल्या असतात आणि चूल नवी असली की तिला किती बादल्या पाणी लागते, याचा अचंबा थोरोनेही लिहून ठेवला आहे. आमच्या गवंडीबाबांनी त्याचे नाव ऐकलेले नाही. पुस्तकाची परीक्षा पाहण्याची ही एक रीत आहे, आणि ती विद्यापीठात शिकवीत नसावेत. मॅट्रिकनंतर मी विद्यापीठाची पायरी चढले नाही, तेव्हा हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

घर झाल्यावर ते राखणे आले. सामान मोजके: एक खाट, एक मेज, लिहिण्याचे एक डेस्क, तीन खुर्च्या, तीन इंची आरसा, तीन ताटल्या, एक पेला, एक चमचा. एका बाईंनी पायपुसणे देऊ केले; ते झटकावयास वेळ कुठून आणू, म्हणून त्याने नाकारले. डेस्कवर चुनखडीचे तीन दगड शोभेसाठी ठेवले होते. ते रोज पुसावे लागतात असे ध्यानात आले, तेव्हा ते खिडकीबाहेर फेकून दिले. आणि जमीन मळली की तो पहाटे उठून सगळे सामान बाहेर गवतावर मांडी, आत पाणी ओती, तळ्याची पांढरी वाळू पसरी आणि केरसुणीने घासून काढी. गाव न्याहारीला बसेपर्यंत जमीन सुकलेली असे. बाहेर आलेले मेज आणि खुर्च्या उन्हात किती सुखावल्या आहेत, त्यांना आत न्यावेसेच वाटत नाही, असे तो लिहितो. दिवाळीच्या आधी ज्यांनी घरातले डबे आणि गाद्या अंगणात काढल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या वस्तू ओळखीच्या जागेवरून हलवून उजेडात पाहण्यात एक वेगळाच आनंद असतो. फरक इतकाच की, आपल्याकडे ते काम चार बायका मिळून करतात आणि दमतात. येथे एक पुरुष एकटा करतो आणि त्याला करमणूक म्हणतो.

येथपर्यंत माझे आणि थोरोचे चांगले जमते. पुढे मात्र त्याच्या हिशेबाच्या वहीपाशी मी थांबते.

हिशेब त्याने अगदी कारकुनाच्या काटेकोरपणाने दिला आहे. घराला २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यांत हजार जुन्या विटांचे ४ डॉलर, खिळ्यांचे ३ डॉलर ९० सेंट, दाराच्या कडीचे १० सेंट आणि खडूचा एक सेंट. खडूचीही नोंद ठेवणारा मास्तर पाहून मला बरे वाटले. आठ महिन्यांच्या अन्नाला ८ डॉलर ७४ सेंट. घर, शेत, अन्न, कपडे, तेल, सगळे मिळून खर्च पाव सेंट कमी ६२ डॉलर. या आकड्यांवर लोक खूश होतात, कारण ते पाव सेंटापर्यंत जातात. पण त्याच हिशेबाच्या कडेला एक ओळभर कबुली आहे. धुणे आणि रफू ही कामे बहुतेक घराबाहेर झाली आणि त्यांचे बिल अजून आलेले नाही, अशा अर्थाची.

तो दर एकदोन दिवसांनी गावात जाई, घरी आणि मित्रांकडे जेवे, यावरून त्याच्यावर गेली दीडशे वर्षे टीका होत आली आहे. २०१५ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये कॅथरिन शुल्झ यांनी तर त्याची चांगलीच हजेरी घेतली. आईच्या हातचे जेवणारा हा कसला अरण्यवासी, असा टीकेचा एक सूर. मला हा आक्षेप पोकळ वाटतो. तो अरण्यवासी नव्हताच. जवळून आगगाडी जात होती आणि गावात जाण्यायेण्याचे पुस्तकात त्याने लपवलेले नाही. एकटे राहणारा माणूस चार घरी जेवतो म्हणून त्याचे एकटे राहणे खोटे ठरत नाही. उलट चार घरी जेवावयास मिळते म्हणूनच पुष्कळांना एकटे राहणे परवडते. माझा आक्षेप जेवणाला नाही, त्या बिलाला आहे. ते बिल कोणी पाठवले नाही, कारण ज्यांनी कपडे धुतले त्या बिल पाठवणाऱ्यांतल्या नसाव्यात. पाव सेंट मोजणाऱ्या माणसाला हे एक बिल मागवून घेणे अवघड नव्हते. ते मिळाले असते तर बेरीज थोडी वाढली असती आणि पुस्तक पुष्कळ मोठे झाले असते.

दुसरी गोष्ट दाराची. त्याने दहा सेंटांची कडी आणली खरी, पण दाराला कधी कुलूप घातले नाही, रात्री नाही की दिवसा नाही. बंद असे ते फक्त कागदांचे डेस्क. पंधरवड्यासाठी बाहेर गेला तरी दार मोकळेच. येणाऱ्याजाणाऱ्याने आत यावे, चूल पेटवावी, मेजावरचे पुस्तक चाळावे. होमरचे एक पुस्तक तेवढे गेले. वाचताना पुरुष वाचकाला येथे मोकळे वाटत असेल. मला माझ्या दाराची कडी, आतला अडसर आणि बाहेरचे कुलूप अशी तिन्ही आठवली. एकट्या बाईच्या घराची सुरुवात कडीपासून होते. थोरोला हे सुचले नाही, याचा दोष मी त्याला देत नाही. परंतु एकटेपणाचे जे तत्त्वज्ञान त्याने मांडले ते उघड्या दाराचे आहे, आणि दार उघडे ठेवता येणे ही त्याच्या हिशेबात न धरलेली मिळकत आहे, एवढे टिपून ठेवले पाहिजे.

आता बाहेर पडू. थोरोने दुपारच्या फिरण्यावर एक मोठा निबंध लिहिला. तो मे १८६२ मध्ये वारला आणि पुढच्याच महिन्यात तो छापून आला. त्यात त्याचे एक म्हणणे असे आहे की, घराभोवती दहा मैलांचे वर्तुळ काढले, म्हणजे एका दुपारच्या चालीत मावेल एवढा मुलूख, तर सत्तर वर्षांच्या आयुष्यातही तो पुरता ओळखीचा होत नाही. 'वॉल्डन'मध्ये हेच हिंडणे आहे. शेजारची तळी, टेकड्या, बेरीच्या जाळ्या. १८४६ च्या जुलैत चांभाराकडे दिलेला जोडा आणावयास तो गावात गेला आणि कर न दिल्याबद्दल पकडला गेला. एक रात्र तुरुंगात काढून सुटला, दुरुस्त झालेला जोडा पायात घातला आणि मंडळींबरोबर टेकडीवर हकलबेरी वेचावयास गेला. ज्या रात्रीतून पुढे सत्याग्रहाला आधार मिळाला, तिच्या दुसऱ्या दिवशी ही सहल! मला तुरुंगापेक्षा ती सहल अधिक थोरोची वाटते.

रविवारी वारा अनुकूल असला की लिंकन, ॲक्टन, बेडफर्ड, कॉनकॉर्ड या गावांच्या घंटा त्याच्या झोपडीपर्यंत ऐकू येत, आणि मधल्या रानातून येताना पाइनच्या सुयांनी तो नाद जणू गाळला जाई. मी वाईला राहते. रविवारी सकाळी केर-पाणी आटोपले की कृष्णेच्या काठाने मेणवलीला जाते. तीनेक किलोमीटरची वाट. तेथे नाना फडणविसांचा वाडा आहे, चंद्रकोरीसारखा घाट आहे आणि वसईच्या मोहिमेनंतर आलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे. कधी धोमला जाते. पावसाळा सरला की पांडवगडाच्या पायथ्याशी. गाडीत कंडक्टर विचारतो, "एकच तिकीट, बाई?" घाटावर कपडे धुणारी बाई विचारते, "एकट्याच आलात?" त्यांच्या स्वरात वाईट काही नसते. दुसरे कोणीतरी मागून येत असेल, एवढीच त्यांची अपेक्षा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, काही काम नसताना गेलेल्या एकट्या माणसाला आपल्याकडे अजून नाव नाही. यात्रेकरू म्हणावे तर तो देवळात गेलेला नसतो.

थोरोच्या पुस्तकात मला खरोखर खटकते ते एकाच ठिकाणी. एकटेपणावरच्या प्रकरणात तो सांगतो की, तेथे आल्यावर काही आठवड्यांनी फक्त एकदा, तासभर, माणसांची सोबत जवळ असावी असे त्याला वाटले. मग पाऊस पडू लागला आणि त्या थेंबांतच सोबत मिळाली. सव्वीस महिन्यांत एक तास! वर्णन सुंदर आहे, पण हिशेब पटत नाही. तापाची रात्र या पुस्तकात नाही. पाणी हवे आहे, माठ चार हातांवर आहे आणि उठवत नाही, हा प्रसंग एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. दोन वर्षांचे त्याने पुस्तकात एक वर्ष केले, ते गावात परतल्यावर पुनःपुन्हा लिहून काढले. ६ सप्टेंबर १८४७ ला तळे सोडल्यावर तो पुन्हा कधी एकटा राहिला नाही. आधी एमर्सनच्या घरी आणि नंतर अखेरपर्यंत आपल्या माणसांत राहिला. भरल्या घरातून आठवलेले एकटेपण नेहमीच थोडे नीटनेटके असते.

त्याच्या शेजारी म्हणून मी एक दुसरे छोटे पुस्तक ठेवते. जपानचा कामो नो चोमेई याचे 'होजोकि', म्हणजे दहा फुटी झोपडीची हकीकत. ते १२१२ साली लिहिले गेले. मिनाकाता कुमागुसु आणि व्हिक्टर डिकिन्स यांनी १९०५ साली त्याचे इंग्रजी केले तेव्हा मथळा दिला, 'बाराव्या शतकातील जपानी थोरो'. १२१२ म्हणजे तेरावे शतक, हे आमच्या पाचवीतला मुलगाही सांगेल. पण चोमेईचे बहुतेक आयुष्य बाराव्यात गेले होते, तेव्हा सोडून देऊ.

चोमेईने क्योटो शहर जळताना पाहिले होते (११७७), वावटळ पाहिली होती, दुष्काळ आणि ११८५ चा भूकंप पाहिला होता. घराचा भरवसा त्याला उरला नव्हता. तिशीत त्याने बांधलेले घर वडिलोपार्जित घराच्या एक दशांश होते. साठीत बांधलेली झोपडी त्या घराच्या शतांशही नव्हती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, सात फुटांहून कमी उंच. सांधे आकड्यांनी जोडलेले, म्हणजे मन उठले की मोडून दोन गाड्यांत घालून न्यावी. आत घडीचे एक तंतुवाद्य, चामड्याने मढवलेल्या पेट्यांत कविता आणि पोथ्या. पूजेत मन लागले नाही की तो सरळ आळस करतो. अडवावयास कोणी नाही आणि लाज वाटावी असेही कोणी नाही, असे सांगतो. एकट्याच्या संसाराचे हे सुख ज्यांनी एकदा चाखले आहे त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे.

डोंगराच्या राखणदाराचा दहा वर्षांचा मुलगा कधीकधी त्याच्याकडे येतो. हा साठीचा, तो दहाचा. दोघे मिळून हिंडतात, फळे आणि कंद गोळा करतात, हवा चांगली असली तर शिखरावर चढून दूरचे आपले जुने गाव पाहतात. येताना फुले, पाने, पडलेली फळे आणावयाची; काही देवाला वाहावयाची, काही घरी ठेवावयाची. आणि रात्री? खिडकीतल्या चंद्राने जुने मित्र आठवतात, माकडांच्या ओरडण्याने बाही ओली होते, म्हातारपणच्या अपुऱ्या झोपेत राखेतला निखारा उकरून त्याचीच सोबत धरावयाची. येथे मला तापाची रात्र सापडत नसली, तरी जागी रात्र सापडते.

शेवटी चोमेई स्वतःला प्रश्न विचारतो: सगळे सोडावयाचे असे बुद्धाने सांगितले, आणि मी या झोपडीवरच जीव लावून बसलो, हेही पाप नव्हे काय? मन उत्तर देत नाही. तो दोनतीन वेळा बुद्धाचे नाव घेतो आणि पुस्तक तेथे संपते. दोघांतून एकच पुस्तक ठेवा असे कोणी म्हटले तर मी 'होजोकि' ठेवीन. पण भिंत लिंपावयाची असेल त्या दिवशी ते उपयोगी पडणार नाही.

थोरोची झोपडी तो गेल्यावर दोन वेळा विकली गेली. एका शेतकऱ्याने ती उचलून नेऊन तिच्यात धान्य साठवले, मग तिचे छप्पर आणि फळ्या इकडेतिकडे गेल्या. ती नेमकी कुठे होती याविषयी पुढे वाद सुरू झाला. १९४५ साली, तो राहावयास गेला त्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, रोलंड रॉबिन्स यांनी तळ्याकाठी खणावयास सुरुवात केली. जमिनीखाली त्यांना सापडला तो त्या धुराड्याचा पाया.